बेळगावात राहून रॉक वाजवणं आणि त्यावर जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणीकडची पोरं-पोरी मेसेज टाकतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळे एकदा नीट लिहून काढले. मी अठरा वर्षं झाली बेळगावात राहून स्वतःची गाणी करतोय, कुठल्या कंपनीच्या पगारावर नाही. जे लिहिलंय ते करून बघितलेलं आहे. प्रश्नांना नंबर दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. नुसत्या रॉक बँडवर घर चालतं का हो?

नाही चालत. आमच्याकडं तरी नाही. माझा साधारण महिना सांगतो, म्हणजे कळेल. आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी गिटारचा क्लास, महिन्यातनं दोन-तीन सुपाऱ्या (त्यातली स्वतःच्या गाण्यांची एखादीच, बाकी लग्नं, कॉलेजचे गॅदरिंग, हॉटेलात अकूस्टिक), दुसऱ्यांच्या गाण्यांचं मिक्सिंग, त्यात भजनी मंडळं पण आली आणि कन्नड भावगीतं पण आली, कधी एकांकिका स्पर्धेसाठी पार्श्वसंगीत, कधी सोन्याच्या दुकानाची जिंगल, कधी कुणाच्या गिटारीचं सेटअप (तारा, मान सगळं नीट बसवून देणं) आणि सोल्डरिंग. हे सगळं मिळून घर चालतं.

लोक याला 'तडजोड' म्हणतात, मला ते पटत नाही. ही कामं आहेत म्हणून माझं स्वतःचं गाणं मला कुणाला विकावं लागलेलं नाही. भाडं क्लासातनं निघतं, त्यामुळं गाणं कसं असावं हे फक्त मी आणि माझा बँड ठरवतो. खालची बरीच उत्तरं फिरून याच गोष्टीवर येतील.

२. मग पुण्याला नाहीतर बंगळूरला का नाही गेलात?

दोन वर्षं पुण्यात काढली की. खोलीचं भाडं भरण्यात सगळं जायचं आणि वर्षभरात दोन गाणी झाली. इथं परत आलो आणि नकाशा बघितला. कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास, हुबळी शंभरेक, पणजी सव्वाशेच्या आत-बाहेर. म्हणजे तीन राज्यांतले ऐकणारे तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर. पुणे साधारण ३४०, बंगळूर ५००, तिकडं रात्रीच्या गाडीनं जाऊन वाजवून येता येतं. हुबळीच्या माणसाला पुण्यातला बँड लांब पडतो, आम्ही नाही पडत.

आणि संगीताच्या बाबतीत हा भाग कोपऱ्यातला कधीच नव्हता. कुमार गंधर्व जन्मले ते १९२४ ला इथल्याच सुळेभावीत. कॅम्पातल्या चर्चचं क्वायर, मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड, वारकऱ्यांचं भजन, शेजारच्या कन्नड घरातली दासांची पदं, हे सगळं एका सायकलच्या फेरीत लहानपणी माझ्या कानावर पडलं. स्वतंत्रपणे करायचं म्हणाल तर शेजारच्या गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८०च्या दशकात घरीच चार ट्रॅकच्या मशीनवर सगळं स्वतः वाजवून रेकॉर्ड केलं आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानांत नेऊन दिल्या. तेव्हा इंटरनेट नव्हतं. मला अजून कंटाळा आला की ती स्कूटर आठवते.

३. सुरुवातीला काय काय घ्यावं? बजेट कमी आहे.

एक बरी गिटार, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक डायनॅमिक माईक, बंद कपांचे हेडफोन. एवढंच. माईक शुअरचा एसएम ५७ किंवा ५८ घ्या, ही मॉडेलं १९६० च्या दशकातली आहेत आणि अजून स्टेजवर तीच दिसतात, पडली तरी मरत नाहीत. कंडेन्सर माईकच्या मागं सुरुवातीला लागू नका, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते ती इंटरफेस देतो, पण तो खोलीतला पंखा, बाहेरची रिक्षा आणि शेजारचा कुकर सगळं उचलतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला रीपर आहे, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतरचं लायसन्स पण परवडतं. गिटारवर पैसे उरले तर नवीन पेडल घेण्याआधी आहे त्याच गिटारचं सेटअप करून घ्या, निम्म्या 'वाईट' गिटारी नुसत्या अ‍ॅक्शन (तारांची मानेपासूनची उंची) जास्त असल्यामुळं वाईट वाटतात.

४. घरी रेकॉर्डिंग करताना बाहेरचा आवाज फार येतो, काय करू?

मी वडगावात वाढलो. ज्यांना वडगाव, शहापूर, खासबाग माहीत आहे त्यांना कळेल, दिवसभर मागांचा खडखडाट. आमचा ड्रमर म्हणतो की त्याला ताल मेट्रोनोमनं (ठेका मोजणाऱ्या यंत्रानं) नाही, शेजारच्या पॉवरलूमनं शिकवला आणि ते खरंच आहे, माग एकसारखा चालतो, माणूस थकला तरी तो थकत नाही.

उपाय दोन. गाणं रात्री अकरानंतर किंवा पहाटे रेकॉर्ड करायचं, गाद्या-रजया भिंतीला उभ्या करायच्या आणि माईक कपड्यांच्या कपाटाकडं पाठ करून लावायचा. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यानं आवाज अडत नाही. दुसरा उपाय म्हणजे तोच आवाज गाण्यात घ्यायचा. आम्ही एका गाण्याची सुरुवात मागाच्या आवाजावर केली, फोनवर रेकॉर्ड केला, त्याचा वेग मोजला आणि त्याच वेगावर रिफ, म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा, बसवला. ते गाणं ऐकून एका विणकर काकांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं की हा कुणाचा माग रे. माझ्यासाठी ती आजवरची सगळ्यात मोठी दाद.

आणि एक, अर्थिंग तपासा! जुन्या घरांत अर्थिंग नसतं, गिटार हातात असताना माईकला ओठ लागला की झटका बसतो. हे किरकोळ समजू नका, यात जीव जाऊ शकतो, आधी वायरमन बोलवा मग प्लग लावा.

५. मराठीत गाऊ, कन्नडमध्ये गाऊ की इंग्लिशमध्ये?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आमच्याकडं तो नुसता संगीताचा नसतो, हे मला पण माहीत आहे.

ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत लिहा. मी पहिली पाच वर्षं इंग्लिशमध्ये लिहिलं आणि त्यातली एक ओळ सुद्धा आता मला माझी वाटत नाही. 'मराठी रॉकला बसत नाही' असं म्हणतात, तर ते बसवायला शिकावं लागतं एवढंच. इंग्लिशसारखा शब्दावर आघात मराठीत नाही, ऱ्हस्व-दीर्घावर सगळा खेळ चालतो, त्यामुळं इंग्लिश चालीत मराठी शब्द कोंबले की लहान अक्षर लांबतं आणि ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. त्यापेक्षा आपल्याकडचे साचे बघा. छोटा अभंग आठ-आठ अक्षरांचा, तो चार मात्रांच्या बीटवर सरळ बसतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि मग चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. शेवटच्या चार अक्षरांनंतर जी जागा सुटते ना, तिथं गिटारचा रिफ घालून बघा, ती जागा जणू त्यासाठीच ठेवलीय असं वाटतं. जात्यावरची ओवी तर आणखी मोकळी, तिची ओळ हवी तेवढी लांबते आणि जातं फिरत राहतं.

बोली पण सोडू नका. 'काय करायलास', 'जायलोय', 'ये की', हे पुण्यात बोललो की हसायचे, पण गाण्यात 'करतो आहेस' पेक्षा 'करायलास' कितीतरी पटीनं चांगलं वाजतं, तोंडात गोल बसतं.

कन्नडचं म्हणाल तर माझ्या बँडमधला बेसवाला कन्नड बोलणारा आहे आणि आमची दोन गाणी कन्नड आहेत, त्यानंच लिहिलेली. गायक रघू दीक्षित यांनी संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं गिटार-बेस-ड्रमवर घेऊन जगभर वाजवली, हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. शरीफ आपल्या उत्तर कर्नाटकातलेच, एकोणिसाव्या शतकातले. मी मराठी आहे आणि मराठीतच गाणार, त्यात मला कसलाही संकोच नाही, आणि माझ्या दोस्ताचं कन्नड गाणं मी त्याच ताकदीनं वाजवणार. स्टेजवर दोन्ही भाषांत दोन-दोन वाक्यं बोला, पोस्टर दोन्ही लिपींत काढा, लोक चांगलं घेतात.

६. तुकारामांचा अभंग किंवा बसवण्णांचं वचन रॉकमध्ये केलं तर कॉपीराइट लागतो का?

शब्दांना नाही. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, तुकोबा सतराव्या शतकातले, बसवण्णा बाराव्या. पण चाल कुणाची ते बघा. आपण ऐकलेल्या बऱ्याच अभंगांच्या चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी बांधलेल्या आहेत आणि त्यांचा हक्क चालू असतो. रेकॉर्डिंगचा हक्क आणखी वेगळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणून शब्द घ्या, चाल स्वतः बांधा. आणि अर्थाशी खेळू नका, अभंग म्हणताना वारीला जाणारा माणूस समोर बसलाय असं समजून म्हणा.

७. दुसऱ्यांच्या गाण्यांची कव्हर्स वाजवली तर?

यूट्यूबवर टाकलं की बहुतेक वेळा क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे मूळ हक्कदाराकडं जातात, व्हिडिओ सहसा राहतो पण काही वेळा काढतात पण. हॉटेलात किंवा शोमध्ये वाजवलं तर लायसन्स घेणं हे आयोजकाचं काम, तसं तुमच्या कागदावर लिहून घ्या. लग्नाची गोष्ट वेगळी, धार्मिक विधी आणि लग्नाची वरात, लग्नातले कार्यक्रम यांना कायद्यात सूट आहे.

८. एकजण म्हणतोय की गाणं आम्ही रिलीज करतो, प्रमोशन आमचं, फक्त सही करा. करू का?

थांबा. हे पूर्ण वाचा, मग ठरवा.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. सही कशावर करताय ते आधी विचारा. माझं दुसरं गाणं मी पंचविशीत असंच एका लेबलला दिलं, कागद तीन पानांचा होता, मी शेवटचं पान बघितलं कारण रक्कम तिथं होती. आज ते गाणं मी स्टेजवर गातो पण त्याच्या रेकॉर्डिंगवर माझा हक्क नाही, कुणी मालिकेला मागितलं तर मी हो म्हणू शकत नाही. त्या कागदावर 'कायमस्वरूपी' असा एक शब्द होता.

कायदा आपल्या बाजूला बराच आहे, फक्त माहीत पाहिजे. हक्क गाणं तयार झालं तेव्हाच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पुरावा म्हणून बरी. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहसा दुसऱ्याला लिहून देता येत नाही, वारसाला किंवा हक्क गोळा करणाऱ्या सोसायटीला सोडून. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून आहे, गीतकार-संगीतकार असाल तर सभासद व्हा. गाणं डिस्ट्रिब्यूटरकडनं (स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपांवर गाणं पोचवणाऱ्या कंपनीकडनं) टाकलं की प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, तो वहीत लिहून ठेवा, डिस्ट्रिब्यूटर बदलला तरी तोच कोड वापरायचा, नाहीतर गाणं आधी किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा जातो.

सही करायचीच असेल तर मुदत घाला, तीन वर्षं, पाच वर्षं, आणि नंतर मास्टर परत. नाही म्हणाले तर उठून या.

९. बँडमध्ये गाणं कुणाच्या नावावर लावायचं?

गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी ठरवा, चहाच्या टपरीवर का होईना. आम्ही शब्द ज्याचे त्याचे आणि संगीत चौघांत समान असं ठरवलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर टक्के लिहून सगळ्यांनी 'मान्य' टाकायचं. बँडच्या नावाचं पण तेव्हाच ठरवा, कुणी सोडून गेलं तर नाव कुणाकडं राहणार. भांडण झाल्यावर हे ठरत नसतं.

१०. स्पॉटिफायवरनं किती मिळतात?

फार कमी. २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्या नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. मी ते दुकानाच्या पाटीसारखं धरतो, सुपारी देणारा आधी तिथं ऐकतो आणि मग फोन करतो.

११. नाइट (एका कार्यक्रमाचे पैसे) किती सांगायची? आम्हाला लाज वाटते.

उलटं मोजा. गाडी, जेवण, प्रॅक्टिसच्या जॅमरूमचं भाडं, तारा-काड्यांचा खर्च, आणि चौघांना त्या दिवशी दुसरं काम केलं असतं तर जे मिळालं असतं ते. त्याच्या खाली आकडा सांगायचा नाही. निम्मा अ‍ॅडव्हान्स तारीख पक्की करताना, उरलेले साउंडचेक झाल्यावर, स्टेजवर चढायच्या आधी. कार्यक्रम संपल्यावर आयोजक सापडत नाही, हा अनुभव प्रत्येक ऑर्केस्ट्रावाला सांगेल. 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला विचारा की मंडपवाल्याला आणि जनरेटरवाल्याला पण एक्स्पोजरच देणार का. फुकट मी वाजवतो, शाळेसाठी, पूरग्रस्तांच्या मदतीसाठी, पण तेव्हा कुणीच पैसे घेत नसतं.

१२. टॅक्सचं काय?

आयोजक कंपनी असेल तर सहसा १० टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नाही तर २० टक्के. रिटर्न भरलं की जास्तीचे परत मिळतात, भरत नाहीत म्हणून कितीतरी पोरांचे पैसे तिथंच पडून आहेत. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की. लोककला आणि शास्त्रीय कलाकारांना एका कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत जीएसटी माफ आहे, रॉक त्यात बसत नाही.

१३. बँजो पार्टीत, लग्नात, मिरवणुकीत वाजवलं तर रॉकवाला म्हणून किंमत जाते का?

मला हा प्रश्न ऐकून वाईट वाटतं, कारण विचारणारा पोरगा आधीच वाजवत असतो आणि लपवत असतो.

मी बँजो पार्टीत चार सीझन काढले. दोन चाकांच्या गाड्यावर स्पीकर, जनरेटरचा धूर, मागं ऑक्टोपॅडवाला आणि समोर दोनशे माणसं नाचायलेत. तिथं गाणं मध्ये थांबवता येत नाही. तार तुटली तर पाच तारांवर पुढं जायचं. गर्दी कधी चढते, कुठल्या ठेक्यावर बसते, कधी श्वास द्यायचा, हे मी तिथं शिकलो आणि तेच आज माझ्या सेटलिस्टमध्ये आहे. आमच्याकडची शिवजयंती वैशाखातली, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, एका मंडळाच्या देखाव्यासाठी मी वीस मिनिटांचं पार्श्वसंगीत केलं होतं, लढाईच्या प्रसंगाला डिस्टॉर्शन गिटार आणि खाली खरा ढोल. गल्लीतल्या आज्ज्या ते ऐकून टाळ्या वाजवायल्या होत्या. त्यांना रॉक हा शब्द सुद्धा माहीत नव्हता.

१४. कार्यक्रम रात्री दहानंतर चालला तर?

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम. सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्या दिवसांची यादी आधी बघा. पोलीस परवानगी आयोजकानं काढायची आणि तिची झेरॉक्स तुमच्या बॅगेत पाहिजे. मी महत्त्वाची गाणी साडेनऊच्या आत संपवतो.

१५. पावसाळ्यात गिटार खराब होते. खानापूरला राहतो.

खानापूरचा पाऊस म्हणजे लाकडाची परीक्षा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लाकडाला मानवते, जुलैत ती कितीतरी वर जाते. गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या आठवड्याला गरम करून वाळवा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा. मान वाकली वाटली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळी) पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नका, एक दिवस थांबा, मग बघा.

१६. शो कोल्हापूरला आहे आणि सीमेवर वातावरण तापलंय. काय करावं?

असं होतं. बस दोन्हीकडनं सीमेवरच थांबतात, निपाणी-कागलच्या मधे माणसं अडकतात. बँडचं सामान बसनं न्यायचं ठरवलं असेल तर आदल्या दिवशीच निघा किंवा तारीख पुढं ढकला. कागदावर आधीच एक ओळ पाहिजे, 'रस्ता बंद, बंद किंवा संचारबंदी असल्यास अ‍ॅडव्हान्स परत न करता पुढची तारीख'. ही ओळ आयोजक नाकारत नाहीत, त्यांना पण परिस्थिती माहीत असते. १ नोव्हेंबरला इकडं कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिन दोन्ही असतात, त्या आठवड्यात मी शो घेतच नाही. बँडमधल्या कुणालाही जीव मुठीत धरून गाडीत बसायला लावू नका, मग तो मराठी असो की कन्नड. गाडीचं आणि शोचं आणखी अडलं तर प्रश्न ११ मधला अ‍ॅडव्हान्स किती कामाला येतो ते तेव्हा कळतं.

१७. शिकवायला लागलं की स्वतःचं वाजवणं मागं पडतं का?

पडतं, वेळ राखून ठेवला नाही तर. मी सकाळी सहा ते आठ कुणाचा फोन घेत नाही, तो वेळ माझ्या गाण्याचा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप ग्रेड परीक्षा आहेत, पालकांना सर्टिफिकेट आवडतं, पोरांना शिस्त लागते, मला आवडतात. पण महिन्यातला एक तास पोरांनी स्वतःचं काहीतरी वाजवायचं, कसलं का असेना.

१८. कानात शिट्टी वाजते, शो झाल्यावर दोन दिवस राहते. चालतं का?

नाही चालत, आणि हे उत्तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं. ड्रमरच्या शेजारी आपण दोन-दोन तास उभे असतो. माझ्या डाव्या कानाला वरच्या पट्टीतले बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत, झांजेचा 'श' मला उजव्या कानानं ऐकावा लागतो, मिक्सिंग करताना हेडफोन उलटे घालून तपासावं लागतं. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, सगळा आवाज सारखा कमी करतात, एका जोडीची किंमत पेडलपेक्षा कमी. प्रॅक्टिसला सुद्धा घाला. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर ऐकू येणं परत यायची शक्यता जास्त असते.